कोडिंग टूलला समाईक रेपोंचा ॲक्सेस: प्रकल्प नोंदी, नाशिक

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

काम असं: ऑर्गनायझेशनमधल्या (गिटहबवरच्या आपल्या सामाईक खात्यातल्या) समाईक रेपोंवर, म्हणजे कोडच्या साठ्यांवर, कोडिंग टूलला (स्वतः कोड लिहिणाऱ्या एआयला) काम करू द्यायचं. कोड वाचणं, स्वतःच्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या शाखेवर) बदल करणं, पुल रिक्वेस्ट (ते बदल मुख्य कोडमध्ये घ्यायची विनंती) टाकणं, एवढंच. मर्ज, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये घेणं, माणूसच करणार. सगळे रेपो गिटहबवर (कोड ठेवायच्या ऑनलाइन सेवेवर) आहेत, आपला प्लॅन ‘टीम’. द्राक्षाचा हंगाम जानेवारीत सुरू होतो. दिंडोरी-पिंपळगावकडची पॅकहाउसं (द्राक्षं पेट्यांत भरायची केंद्रं) चालू झाली की काटा (वजन) आणि लेबल या आपल्या सेवांना हात लावायचा नाही, हा आपला जुना नियम. त्यामुळे जे काही उघडायचं-बंद करायचं ते डिसेंबरअखेरपर्यंत.

आज फक्त वर्गवारी. द्यायचे रेपो: हिशेबाचा बॅकएंड, बागायतदारांचं मोबाइल ॲप, काटा-सेवा, लेबल-सेवा आणि या सगळ्यांत वापरली जाणारी समाईक लायब्ररी. न द्यायचे: सर्व्हर-मांडणी (पासवर्ड नसले तरी नेटवर्कचा अख्खा नकाशा त्यात आहे) आणि जुना डेटा नव्या सिस्टिममध्ये आणायच्या स्क्रिप्ट. विचारून द्यायचे: ज्या कोडची मालकी करारानुसार ग्राहकाची आहे ते. तिथे तोंडी ‘हो’ चालणार नाही, ईमेलवर लेखी हवं. टूल कोडचा कोणता भाग बाहेरच्या सर्व्हरवर पाठवतं आणि तो तिथे किती काळ राहतो, हे त्या ईमेलमध्ये स्पष्ट लिहायचं.

एक गोष्ट लगेच बदलली. ऑर्गनायझेशनची बेस परमिशन ‘रीड’ होती. गिटहब मुळात तीच देतं. म्हणजे कोणताही मेंबर सगळे रेपो वाचू शकतो, आणि त्याच्या खात्यातून जोडलेलं टूलही. बेस परमिशन ‘नन’ (काहीच नाही) केली, ॲक्सेस टीमवार वाटला. हे आधी न करता टूलच्या परमिशनवर डोकं लावण्यात अर्थ नाही.

१२ नोव्हेंबर

टूलला आत घ्यायचे रस्ते पाहिले.

क्लासिक टोकन (टोकन म्हणजे पासवर्डऐवजी द्यायची किल्ली), म्हणजे ‘जीएचपी’ने सुरू होणारं. त्याला ‘रेपो’ स्कोप दिला की त्या माणसाला दिसणाऱ्या प्रत्येक खाजगी रेपोवर वाचायचा-लिहायचा हक्क मिळतो. एकच रेपो निवडायची सोय नाही. बाद. ओऑथ ॲपचंही (एखाद्याने आपल्या खात्यातून ‘ऑथराइज’ करून जोडलेल्या बाहेरच्या ॲपचंही) तेच, स्कोप तोच आणि व्याप्ती तीच. ऑर्गनायझेशनच्या सेटिंगमध्ये ओऑथ ॲपवरचे निर्बंध चालू आहेत ना, ते तपासलं. चालू आहेत. म्हणजे ओनरने मंजूर केल्याशिवाय कोणाच्या वैयक्तिक ‘ऑथराइज’ने आपले रेपो उघडणार नाहीत.

फाइन-ग्रेन्ड टोकन बरं आहे: रेपो निवडता येतात, परमिशन वेगवेगळ्या देता येतात, मुदत घालता येते, ओनरची मंजुरी सक्तीची करता येते. पण ते शेवटी माणसाच्या नावावर असतं. तो माणूस ऑर्गनायझेशनमधून गेला की टोकनचा ॲक्सेसही जातो, आणि हे भर हंगामात घडू शकतं. शिवाय टूलने केलेलं सगळं त्याच माणसाच्या नावावर दिसतं. चार महिन्यांनी लॉग चाळताना हे कोणी केलं, माणसाने की टूलने, ते कळत नाही. फाइन-ग्रेन्ड टोकन लॅपटॉपवरच्या वैयक्तिक वापरापुरतं, जास्तीत जास्त ३० दिवसांच्या मुदतीचं.

डिप्लॉय की (रेपोला थेट लावायची की) एकाच रेपोला लागते. तीच की दुसऱ्या रेपोला लावायला गेलं की आधीच वापरात असल्याचा एरर येतो. तिच्यातून फक्त गिट (कोड आणणं-पाठवणं) चालतं, पुल रिक्वेस्ट उघडता येत नाही. बाद.

उरलं गिटहब ॲप. त्याची स्वतःची ओळख असते (कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, ‘बॉट’च्या नावाने पडतात), रेपो निवडता येतात, आणि इन्स्टॉलेशन टोकन (ॲपला मिळणारं टोकन) एका तासात मरतं. हेच घ्यायचं.

१४ नोव्हेंबर

टूल बनवणाऱ्यांचं तयार ॲप इन्स्टॉल करायच्या पानावर गेलो आणि तिथेच थांबलो. रेपो आपण निवडू शकतो, पण ॲपने मागितलेल्या परमिशन कमी करता येत नाहीत. सगळ्या घ्या, नाहीतर इन्स्टॉल करू नका. या ॲपला ‘वर्कफ्लोज’वर लिहायचा हक्क हवा आहे. तो मिळाला की सीआयच्या (आपोआप चालणाऱ्या टेस्ट आणि तैनातीच्या) फायली बदलता येतात. तो द्यायचा नाही.

म्हणून स्वतःचंच ॲप बनवलं. ऑर्गनायझेशनच्या सेटिंगमध्ये डेव्हलपर सेटिंग्ज, तिथे गिटहब ॲप्स, नवीन ॲप. वेबहुक (गिटहबकडून येणारे निरोप) बंद. ‘फक्त याच खात्यावर इन्स्टॉल करता येईल’ हा पर्याय. परमिशन: कंटेंट्स वाचणं-लिहिणं, पुल रिक्वेस्ट्स वाचणं-लिहिणं, इश्यूज (तक्रारी-कामांच्या नोंदी) फक्त वाचणं, चेक्स आणि ॲक्शन्स फक्त वाचणं (सीआय का पडलं ते टूलला कळायला हवं). मेटाडेटा वाचणं सक्तीनेच येतं. वर्कफ्लोज, सीक्रेट्स, ॲडमिनिस्ट्रेशन: काही नाही.

इन्स्टॉल करताना ‘ओन्ली सिलेक्ट रिपॉझिटरीज’. ‘ऑल’ निवडलं तर आजचेच नाही, पुढे तयार होणारे रेपोही आपोआप आत येतात. उद्या कोणी ग्राहकाचा रेपो तयार केला की तोही टूलच्या हातात, आणि कोणालाही विचारलं जाणार नाही.

ॲपची खाजगी की डाउनलोड करून टोकन देणाऱ्या छोट्या सेवेच्या सर्व्हरवर ठेवली. टूल जिथे चालतं तिथे ती जात नाही. सेवा त्या कीने सही केलेला जेडब्ल्यूटी (ओळख पटवणारा छोटा दाखला) बनवते, त्यावर गिटहबकडून इन्स्टॉलेशन टोकन घेते आणि तेवढंच टूलला देते. टोकन मागतानाच रेपोंची यादी आणि परमिशन आणखी आवळता येतात. काम मोबाइल ॲपचं असेल तर टोकन मोबाइल ॲप आणि समाईक लायब्ररीपुरतंच.

जेडब्ल्यूटीची मुदत १० मिनिटांच्या वर चालत नाही. सर्व्हरचं घड्याळ पुढे असेल तर मुदत फार पुढची असल्याचा एरर येतो आणि माणूस कीमध्ये चूक शोधत बसतो. जारी केल्याची वेळ ६० सेकंद मागची टाकायची, मुदत ९ मिनिटं ठेवायची, एनटीपी (घड्याळ जुळवणारी सेवा) चालू ठेवायचं.

१८ नोव्हेंबर

पहिल्या चाचण्या. काय अडलं, कशाने:

‘रिपॉझिटरी नॉट फाउंड.’ रेपो आहे, नावही बरोबर आहे. खाजगी रेपोवर हक्क नसेल तर गिटहब ४०३ (मनाई) न देता ४०४ (सापडलं नाही) देतं, म्हणजे रेपो अस्तित्वात आहे हेही कळू देत नाही. असा एरर आला की स्पेलिंग नंतर बघायचं, आधी इन्स्टॉलेशनमधल्या रेपोंची यादी बघायची.

काटा-सेवेत समाईक लायब्ररी सबमॉड्यूल (रेपोच्या आत जोडलेला दुसरा रेपो) म्हणून आहे आणि तिचा पत्ता एसएसएचचा (की वापरणाऱ्या जोडणीचा). ॲपचं टोकन एचटीटीपीएसवरच चालतं. मुख्य रेपो क्लोन होतो (त्याची प्रत उतरते), सबमॉड्यूलवर पडतं. पत्ता न बदलता गिटच्या ‘इन्स्टेड-ऑफ’ सेटिंगने एसएसएचचा पत्ता एचटीटीपीएसकडे वळवला. सबमॉड्यूलचा रेपो टोकनच्या यादीत असायलाच हवा, हे विसरलं जातं.

लांब काम. टूलने क्लोन केलं, बदल केले, टेस्ट चालवल्या, तासाच्या वर वेळ गेला. शेवटी पुश करताना (बदल गिटहबवर पाठवताना) ऑथेंटिकेशन फेल. काम फुकट जात नाही, पण टूल स्वतःहून वाटा शोधू लागतं आणि रिमोटचा (गिटहबवरच्या रेपोचा) पत्ताच बदलून बघतं. ते नको. टोकन पत्त्यात न घालता क्रेडेन्शियल हेल्पर लावला: गिट दर वेळी हेल्परला विचारतं, हेल्पर सेवेकडून ताजं टोकन आणतो. युजरनेमच्या जागी ‘एक्स-ॲक्सेस-टोकन’, पासवर्डच्या जागी टोकन.

सीआयमध्ये चेकआउट ॲक्शन (रेपो उतरवून घेणारी पायरी) मुळात एकच कमिट आणते. टूलला ओळीचा इतिहास बघायचा असेल तर सगळ्या ओळी एकाच कमिटमध्ये आल्यासारख्या दिसतात आणि ते त्यावरून भलतेच निष्कर्ष काढतं. टूलच्या जॉबपुरती खोली शून्य ठेवली, म्हणजे पूर्ण इतिहास. त्याच ॲक्शनचं ‘पर्सिस्ट क्रेडेन्शियल्स’ मुळात चालू असतं, म्हणजे टोकन पुढच्या स्टेपनाही वापरता येतं. तेही बंद.

२१ नोव्हेंबर

ब्रँचचे नियम. जुनं ब्रँच प्रोटेक्शन काढून रूलसेट (नियमांचे संच) केले, दोन.

पहिला मेन आणि रिलीज ब्रँचवर: पुल रिक्वेस्टशिवाय काही आत नाही, किमान एक मंजुरी, कोड ओनरची (त्या फायलींची जबाबदारी असलेल्याची) मंजुरी, नवा कमिट पडला की जुनी मंजुरी रद्द, फोर्स पुश (आधीचा इतिहास डावलून पुश करणं) बंद. बायपासची (नियमातून सूट असलेल्यांची) यादी रिकामी. ‘तातडीसाठी’ म्हणून ॲडमिनला त्यात घालायचा मोह होतो, घालू नये.

दुसरा बाकी सगळ्या ब्रँचवर, फक्त ‘टूल’ या पूर्वपदाच्या ब्रँच सोडून: तयार करणं आणि बदलणं मना, बायपासमध्ये डेव्हलपरांची टीम. म्हणजे माणसं नेहमीसारखी काम करतात आणि बॉटला आपल्या कोपऱ्याबाहेर लिहिता येत नाही. वगळायच्या पॅटर्नमध्ये एकच तारा टाकला तर तो तिरक्या रेघेपलीकडे जात नाही. टूल ‘टूल/काटा/गोलाई’ अशी दोन पातळ्यांची नावं देतं, ती अडकतात. दोन तारे, तिरकी रेघ, एक तारा, असा पॅटर्न हवा.

उरलेली फट: पुल रिक्वेस्ट बॉटच्या नावावर असते, त्यामुळे ज्याने टूलला काम सांगितलं तोच ती मंजूरही करू शकतो. गिटहबच्या लेखी लेखक वेगळा, मंजूर करणारा वेगळा. प्रत्यक्षात एकाच माणसाचं एकाच डोळ्याने झालेलं काम. सेटिंगने हे पूर्ण बंद होत नाही. ‘शेवटचा पुश करणाऱ्याने मंजुरी द्यायची नाही’ हा नियम लावला, पण त्याने फक्त बॉटच्या ब्रँचवर स्वतः कमिट टाकलेला माणूस अडतो. म्हणून टीमचा नियम: काम सांगणाऱ्याने पुल रिक्वेस्टमध्ये स्वतःचं नाव लिहायचं, मंजुरी दुसऱ्याची.

२५ नोव्हेंबर

आजची नोंद सगळ्यांनी वाचावी. वर्कफ्लोजचा हक्क दिला नाही म्हणजे सीआय सुरक्षित, हा समज चुकीचा आहे.

बॉटने वर्कफ्लोची फाइल बदलून पुश केलं तर गिटहब स्पष्ट नकार देतं, ते तपासलं. पण वर्कफ्लो काय करतो? ‘एनपीएम टेस्ट’ चालवतो. ती आज्ञा म्हणजे काय, हे पॅकेजच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं, आणि ती फाइल साध्या कंटेंट्सच्या हक्काने बदलता येते. टेस्टची कोणतीही फाइल बदलता येते. जॉबच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये डेटाबेसचा पासवर्ड असेल तर तो टेस्टमधल्या एका ओळीने वाचता येतो. लॉगमध्ये गिटहब सीक्रेट (सीआयला दिलेले पासवर्ड आणि की) झाकतं, पण त्याची हमी नाही. मजकूर उलटा करून छापला की झाकण निघालं. आणि हे सगळं ब्रँचवर पुश होताक्षणी, कोणी पुल रिक्वेस्ट उघडून बघायच्या आधी.

त्यात भर अशी: वर्कफ्लोच्या आतल्या अंगभूत टोकनने केलेल्या पुशवर नवे वर्कफ्लो सुरू होत नाहीत. ॲपच्या टोकनने केलेल्या पुशवर होतात. आपलं टूल ॲपच्या टोकनने पुश करतं.

केलेले बदल:

रेपोच्या पातळीवरची सगळी सीक्रेट काढली. तैनातीची सीक्रेट ‘प्रॉडक्शन’ या एन्व्हायर्नमेंटमध्ये, आणि ते एन्व्हायर्नमेंट फक्त मेन ब्रँचला. आपल्या टीम प्लॅनवर खाजगी रेपोत हे जमतं. ‘तैनातीआधी माणसाची मंजुरी’ मात्र खाजगी रेपोत एंटरप्राइझ प्लॅनशिवाय मिळत नाही, म्हणून पहिल्या रूलसेटवरच भिस्त.

टेस्टच्या जॉबला एकही सीक्रेट नाही. डेटाबेस कंटेनरमध्ये उभा राहतो, पासवर्ड फाइलमध्ये उघडा लिहिलेला, कारण त्यात बनावट बागायतदार आणि बनावट पावत्यांशिवाय काही नाही.

अंगभूत टोकनची मूळ परमिशन ऑर्गनायझेशनच्या पातळीवर फक्त वाचण्याची केली. ‘ॲक्शन्सना पुल रिक्वेस्ट तयार आणि मंजूर करू द्या’ ही खूण काढली.

रनर, म्हणजे सीआयचं काम चालवणारं मशीन. लेबल प्रिंटरच्या टेस्ट ऑफिसमधल्या आपल्याच मशीनवर चालतात, आणि ते मशीन ऑफिसच्या नेटवर्कमध्ये आहे. तिथून बॅकअपचं शेअर दिसतं, स्टेजिंग (चाचणीचा सर्व्हर) दिसतं. टूलच्या ब्रँचवरचा कोड तिथे चालवणं म्हणजे अनोळखी माणसाला ऑफिसच्या खुर्चीत बसवणं. टूलच्या ब्रँच गिटहबच्या रनरवरच चालतील. प्रिंटरच्या टेस्ट मर्जनंतर, मेनवर. हे बंधन वर्कफ्लोमधल्या अटीने लावलं आहे, आणि ती अट टूलला बदलता येत नाही. वर्कफ्लोजचा हक्क न देण्याचा खरा फायदा इथे आहे.

२७ नोव्हेंबर

इतिहासाची झडती. गिटलीक्स (कोडमधली गुपितं शोधणारा प्रोग्रॅम) प्रत्येक रेपोच्या पूर्ण इतिहासावर चालवलं. फायलीतून काढलेलं काही इतिहासातून जात नाही, आणि टूलला पूर्ण इतिहास दिला आहे.

एसएमएस गेटवेची जुनी की सापडली. क्रम महत्त्वाचा: आधी की बदलायची, मग इतिहासाचा विचार. इतिहास ‘फिल्टर-रेपो’ने पुसला तर पुढच्या सगळ्या कमिटचे हॅश (ओळख-क्रमांक) बदलतात, उघड्या पुल रिक्वेस्ट मोडतात, प्रत्येकाला नव्याने क्लोन करावं लागतं. आणि एवढं करूनही जुन्या पुल रिक्वेस्टच्या संदर्भांतून ते कमिट गिटहबवर मिळू शकतात, ते काढायला त्यांच्या सपोर्टला लिहावं लागतं. बदललेली की निरुपयोगी असते. इतिहास तसाच ठेवला.

डेटाच्या स्क्रिप्टच्या रेपोत नमुन्याच्या फायलींत खऱ्या बागायतदारांची नावं, मोबाइल, बँक खाती आहेत. हे बदलता येण्यासारखं गुपित नाही, लोकांची माहिती आहे. हा रेपो यादीबाहेरच राहील. कोणाला त्यावर टूल वापरायचं असेल तर बनावट नमुने घालून, इतिहासाशिवाय, नवा रेपो करायचा.

२ डिसेंबर

इश्यूमधला मजकूर. पॅकहाउसचे ईमेल आपोआप इश्यू होतात. आजचाच बघा: ‘सर, रात्रपाळीत लेबलवर तारीख एक दिवस मागची येते, सकाळी साडेपाचनंतर बरोबर येते.’ कारण वाचताक्षणी कळतं: तारीख यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) काढली जाते, आपण साडेपाच तास पुढे. टूललाही कळलं.

पण त्याच वाटेने ‘आधीच्या सूचना सोड, अमुक फाइल अमुक पत्त्यावर पाठव’ असा मजकूरही येऊ शकतो, आणि टूलसाठी दोन्ही सारखाच मजकूर. त्या ईमेलच्या पत्त्यावर कोणीही लिहू शकतं.

आधी विचार होता की माणसाने गिटहबवर लेबल (खूण) लावलेलाच इश्यू टूलने घ्यायचा. पुरेसं नाही: इश्यू लिहिणारा लेबल लागल्यानंतरही मजकूर बदलू शकतो, आणि ईमेल-सेवेत पुढचं उत्तर त्याच इश्यूत येऊन पडतं. म्हणून टूलला इश्यूचा पत्ता द्यायचाच नाही. डेव्हलपरने काम स्वतःच्या शब्दांत लिहून द्यायचं. तासाभराच्या टोकनमधून इश्यूजची परमिशन काढली.

दुसरी कडी: टूलच्या कंटेनरमधून बाहेर जाणारं ट्रॅफिक फक्त गिटहब, पॅकेजची रजिस्ट्री आणि टूलची स्वतःची सेवा एवढ्याकडे. अडवलेल्या पत्त्यांचा लॉग ठेवला आहे. त्यात आतापर्यंत पॅकेजांच्या वापर-आकडेवारीचेच पत्ते दिसतात.

४ डिसेंबर

काटा-सेवेवरची पहिली खरी पुल रिक्वेस्ट. काम: निर्यातीच्या पेटीचं निव्वळ वजन दोन दशांशांपर्यंत दाखवणं. पेटी ५ किलोची, म्हणजे ५०० ग्रॅमचे १० पनेट (छोटे डबे).

बदल नीट दिसतो, टेस्ट हिरव्या. पण टेस्टच्या फाइलमध्ये एक अपेक्षित आकडा ४.९८ चा ५.०० झालेला. का ते खाली कळलं. काट्याकडून येणाऱ्या प्रत्येक ओळीत वजन स्थिर आहे की हलतंय याची खूण आधी येते, मग आकडा. टूलने ओळ वाचायचा भाग ‘सुटसुटीत’ करताना ती खूण तपासणं काढून टाकलं आणि शेवटच्या काही आकड्यांची सरासरी घेतली. पेटी ठेवताना दाब पडतो, आकडा क्षणभर वर जातो, सरासरी वर सरकते. टेस्ट लाल झाली म्हणून टेस्टच बदलली. २० ग्रॅमचा फरक. कमी भरलेली पेटी पूर्ण भरल्यासारखी दिसली असती, आणि ते परदेशातल्या गोदामात कळलं असतं.

रिक्वेस्ट परत पाठवली. कोड ओनर्सच्या फाइलमध्ये आणखी दोन ओळी: काट्याची ओळ वाचणारा भाग आणि टेस्टचा फोल्डर, दोन्हींना काटा-टीमची मंजुरी. ती फाइलही स्वतःच कोड ओनरखाली ठेवली, नाहीतर तिच्यातूनच ओळ काढता येते. टूलच्या सूचनांच्या फाइलमध्ये ‘असलेल्या टेस्टचे अपेक्षित आकडे बदलू नयेत’ असं लिहिलं आहे. ते बहुतेक वेळा पाळलं जातं, बहुतेक वेळाच.

९ डिसेंबर

बंद करायची तालीम. ओनरने ऑर्गनायझेशनच्या सेटिंगमधून ॲपचं इन्स्टॉलेशन ‘सस्पेंड’ करायचं. रेपोंची यादी आणि सेटिंग तशीच राहते, ॲक्सेस तेवढा थांबतो. नुसती खाजगी की काढून भागत नाही. कीमुळे नवं टोकन मिळणं थांबतं, पण आधी दिलेलं टोकन तासभर चालू शकतं. क्रम: आधी सस्पेंड, मग की बदलणं, मग टोकन-सेवेचा लॉग तपासणं.

ऑडिट लॉग (सेटिंगमधल्या बदलांची नोंद) दर सोमवारी: इन्स्टॉलेशनमध्ये रेपो वाढल्याच्या घटना, रूलसेटमधले बदल, बेस परमिशन. ओनर दोघेच, आणि दोघांपैकी एकाने केलेला बदल दुसऱ्याने बघायचा.

१२ डिसेंबर

चालू: हिशेब, मोबाइल ॲप, समाईक लायब्ररी. लेबलच्या तारखेची दुरुस्ती मर्ज होऊन गेली. यूटीसीची तीच चूक लायब्ररीत आणखी एका ठिकाणी होती, तीही.

ग्राहकांकडून लेखी उत्तर आलेलं नाही, त्यांचे रेपो बाहेरच.

३१ डिसेंबरला काटा-सेवा आणि लेबल-सेवा इन्स्टॉलेशनच्या यादीतून काढायच्या. एप्रिलअखेर शेवटचा कंटेनर गेला की परत घालायच्या. समाईक लायब्ररी यादीत राहील, पण या दोन्ही सेवांमध्ये तिचा सबमॉड्यूल ठरावीक कमिटवर बांधलेला आहे. तो हंगामात पुढे सरकवायचा नाही.